टेबलावर मोजता येईल तेवढाच नियम

गेल्या मे महिन्यात कुडाळजवळच्या एका बंद चिरेखाणीत रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत झाली. चिरे काढून संपलेली खाण या खेळाला फार सोयीची असते. तळ बऱ्यापैकी सपाट आणि तीन बाजूंना पुरुषभर उंचीची उभी कापलेली जांभ्याची भिंत असल्यामुळे ताबा सुटलेली गाडी लांब जात नाही, आणि बघे आपोआप वरच्या काठावर उभे राहतात. काजूच्या सावलीत तपासणीचे टेबल मांडले होते. त्यावर वाण्याकडून मागून आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा, एक मल्टिमीटर आणि चार पानांचे नियमपत्रक होते, आणि टेबलामागे बसलेल्या तिघांपैकी एक मी होतो. नववीत शिकणारा एक मुलगा आपली एक-दशांश मापाची बगी, म्हणजे खडबडीत जमिनीवर पळणारी गाडी, घेऊन आला. गाडी जुनी, कुणाकडून तरी घेतलेली, पुढचा एक शॉक (हादरे सोसणारा दट्ट्या) भलत्याच गाडीचा. पण पुसून लखलखीत केलेली. बॅटरीला मीटर लावला तेव्हा आकडा आला ८.४३. पत्रकातली मर्यादा ८.४० व्होल्टची होती. आम्ही नियमाप्रमाणे त्याला त्या फेरीतून बाद केले. त्याच्याबरोबर मामा आला होता, तो वायरमनचे काम करतो. त्याने काही न बोलता पिशवीतून स्वतःचा मीटर काढला, त्याच बॅटरीला लावला आणि आकडा आमच्यासमोर धरला. ८.३९. मग शांतपणे विचारले, "तुमचो मीटर खरो की माझो?" आमच्याकडे उत्तर नव्हते. मुलगा बादच राहिला, आणि त्या कागदावर माझीही सही आहे.

हाताळायच्या साध्या मल्टिमीटरची डीसी व्होल्टची अचूकता बहुधा अधिक-उणे अर्धा टक्का अशी त्याच्या माहितीपत्रकात छापलेली असते. ८.४० चा अर्धा टक्का म्हणजे ०.०४२. म्हणजेच खरोखर ८.४० व्होल्ट असलेली बॅटरी एका मीटरवर ८.३६ आणि दुसऱ्यावर ८.४४ दाखवू शकते, आणि दोन्ही मीटर आपापल्या जागी चांगलेच असतात. ज्या तीन शतांशांवरून आम्ही त्या मुलाला बाजूला बसवले ते बॅटरीत होते की मीटरमध्ये, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. त्या दिवशी मीटर आमच्या हाती होता, एवढाच काय तो निकालाचा आधार.

नियम चुकीचा होता असे मात्र मी म्हणणार नाही. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२० व्होल्टवर थांबला पाहिजे; दोन सेलची बॅटरी म्हणून ८.४०. त्यापलीकडे भरली तर गाडीला सुरुवातीची दोन मिनिटे थोडा जोर जास्त मिळतो आणि बॅटरी पेटण्याचा धोका वाढतो, म्हणून जगभरच्या शर्यतींत ही मर्यादा असते. पण जिथे हा नियम नीट राबवला जातो तिथे एक गोष्ट गृहीत धरलेली असते. आयोजकांचा मीटर हाच त्या दिवसापुरता प्रमाण, आणि तो शर्यतीपूर्वी प्रत्येकाला वापरून बघता येतो. स्पर्धक आपला चार्जर त्या मीटरशी ताडून घेतो आणि गरज पडली तर ८.३७ वर थांबवतो. आम्ही आकडा उचलला, पण त्यामागची व्यवस्था उचलली नाही. बँकेत पेन दोरीने बांधून ठेवतात तसा आमचा मीटर सकाळपासून टेबलाला बांधून ठेवला असता तरी हा प्रसंग टळला असता.

ही एका मुलाची तक्रार म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट राहिलेली नाही. आता या शर्यती गावच्या मंडळांच्या नावाने होतात, खाणीच्या किंवा सड्याच्या वापरासाठी ग्रामपंचायतीची संमती घेतली जाते, वर्गणी निघते, रोख बक्षिसे लागतात. वर्गणीतून बक्षीस द्यायचे असेल तर ते कोणत्या कसोटीवर दिले हे वर्गणी देणाऱ्याला कळले पाहिजे. शिवाय कोकणात या खेळाला एक खास गुंता आहे. मे महिन्यात मुंबई-पुण्याहून येणारे चाकरमानी आणि वर्षभर गावात राहणारी मुले एकाच ट्रॅकवर उतरतात. एकाच्या डिकीत तीन मोटरी, चार जोड टायर आणि दोन ट्रान्समिटर असतात. दुसऱ्याकडे एकच बॅटरी असते आणि ती दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात पुरी भरत नाही. हौसेला मोल नसते हे खरे, पण हौशी माणसांची स्पर्धा लावली की हौसेचे मोल कुणीतरी ठरवावेच लागते, आणि ते ठरवण्याचे साधन म्हणजे उपकरणांचे नियम. माझे म्हणणे थोडक्यात असे की गावच्या शर्यतीत नियम थोडे असावेत, आणि प्रत्येक नियम त्या टेबलावर, त्या काट्याने आणि त्या मीटरने, स्पर्धकाच्या डोळ्यांसमोर तपासता आला पाहिजे. ज्याची तपासणी करण्याचे साधन आपल्यापाशी नाही तो नियम कागदावर घेऊ नये, मग तो कितीही थोर संघटनेच्या पुस्तकात का असेना.

पुस्तके थोर आहेत यात शंका नाही. रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतींची अमेरिकेतली 'रोअर' ही संघटना १९६७ पासून आहे, आणि जागतिक पातळीवरची 'इफमार' १९७९ पासून. त्यांच्या नियमावलीतले शब्द हजारो शर्यतींच्या भांडणांतून घासून गुळगुळीत झालेले आहेत. पण त्यातला प्रत्येक आकडा कशासाठी आहे हे न विचारता तो उतरवून घेतला की गंमत होते. आमच्या पत्रकात दोन चाकांना जोर असलेल्या बगीसाठी किमान वजन १४७४ ग्रॅम लिहिलेले होते. चौदाशे चौऱ्याहत्तर हा आकडा आला कुठून, असे मी विचारले तेव्हा कुणालाच सांगता आले नाही. तो मुळात ५२ औंस आहे. चार चाकांना जोर असलेल्या बगीचे १५८८ ग्रॅम म्हणजे ५६ औंस. अमेरिकेतल्या कुणी गोल आकडा ठरवला, त्याचे ग्रॅम झाले, आणि ते ग्रॅम आमच्या वाण्याच्या काट्यापर्यंत येऊन पोचले.

किमान वजनाचा हेतू असा असतो की टायटॅनियमचे स्क्रू आणि कार्बन फायबरची चासी घालून गाडी हलकी करण्यात कुणाला फायदा राहू नये. पण त्यासाठी तो आकडा मैदानातल्या सर्वांत स्वस्त गाडीच्या वजनाजवळ असावा लागतो. आमच्याकडे येणाऱ्या तयार, प्लास्टिकच्या चासीच्या गाड्या बहुधा १४७४ च्या बऱ्याच वर भरतात. मग त्या आकड्याने कुणाला अडवले? ज्याने पैसे घालून गाडी बरोबर १४७५ ग्रॅमवर आणली, त्याला आम्ही काट्यावर शाबासकी देऊन पुढे पाठवले. नियम करायचा असेल तर पहिल्या शर्यतीला आलेल्या सगळ्या गाड्या तोलाव्यात, त्यांतल्या साध्या गाड्यांचे वजन बघावे आणि किमान मर्यादा तिथे नेऊन ठेवावी. हलकी गाडी असलेल्याने शिशाच्या पट्ट्या चिकटवाव्यात. शिसे स्वस्त आहे.

मोटरीचा प्रश्न याहून कठीण आहे, आणि खरी भांडणे तिथेच होतात. आमच्या पत्रकात '१७.५ टर्न ब्रशलेस' असे लिहिले होते. ब्रशलेस म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली मोटर. साडेसतरा टर्न म्हणजे मोटरच्या स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या भागाच्या, प्रत्येक दातावर तांब्याच्या तारेचे तितके वेढे. वेढे जितके कमी तितकी मोटर वेगवान आणि तितकी ती जास्त करंट ओढणारी, म्हणून वेढ्यांचा आकडा बांधून दिला की वेग बांधला जातो अशी कल्पना. पण वेढे सारखे ठेवूनही तार जाड वापरली, रोटरमधले, म्हणजे फिरणाऱ्या भागातले, चुंबक जास्त ताकदीचे घातले किंवा टायमिंग पुढे ओढले, म्हणजे गुंडाळीत करंट थोडा आधी सोडला, की मोटर बदलते, त्यामुळे मोठ्या संघटनांना तारेची जाडी, रोटरची मापे, गुंडाळीचा रोध असे एकामागून एक आकडे वाढवावे लागले आणि शेवटी मंजूर मोटरींची यादीच काढावी लागली. हा रोध मिलिओहममध्ये असतो. साध्या मल्टिमीटरच्या दोन वायरींचाच रोध त्याहून जास्त भरतो, म्हणजे त्याने ही मोजणी करणे हे तांदळाच्या मापाने मोहरी मोजण्यासारखे आहे. आमच्या टेबलावर आम्ही काय केले? मोटरवरचा स्टिकर वाचला. स्टिकर वाचणे ही तपासणी असेल तर ती न केलेली बरी, कारण तिच्यामुळे प्रामाणिक माणूस बांधला जातो आणि लबाड मोकळा सुटतो.

त्यात स्पीड कंट्रोलरची, म्हणजे बॅटरीतून मोटरीला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या उपकरणाची, भर. २०१० च्या सुमारास हे कंट्रोलर इतके हुशार झाले की मोटर धावत असताना तिचे टायमिंग आतल्या प्रोग्रॅमनेच पुढे सरकू लागले आणि साडेसतरा वेढ्यांची मोटर तिच्याहून कमी वेढ्यांच्या मोटरीसारखी पळू लागली. यावर संघटनांनी शोधलेला उपाय मला फार आवडतो. कंट्रोलर 'शून्य टायमिंग'वर ठेवला की त्यावरचा दिवा लुकलुकत राहिला पाहिजे, असे उत्पादकांकडून करवून घेण्यात आले. तपासनीस फक्त दिवा बघतो. इतका साधा, हातभर अंतरावरून तपासता येणारा नियम बाकीच्या पुस्तकात क्वचितच आहे, आणि नेमका तोच आमच्या पत्रकात नव्हता.

मग मोटरीचे करावे काय? माझ्या मते गावच्या शर्यतीत ब्रशलेस मोटरीचा नाद दोन-तीन वर्षे सोडावा आणि ५४० मापाची, पत्र्याच्या बंद डब्यातली साधी ब्रशची मोटर घ्यावी, जी खेळण्यातल्या गाड्यांच्या किटबरोबर वर्षानुवर्षे येत आहे. ती उघडायची तर पत्र्याचे दुमडलेले कान वाकवावे लागतात आणि वाकवलेले दिसतात. मंडळाने अशा वीसेक मोटरी एकगठ्ठा विकत घ्याव्यात, प्रत्येकीवर रंगाचा ठिपका द्यावा, शर्यतीच्या सकाळी चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात आणि संध्याकाळी परत घ्याव्यात. पिनियनचे, म्हणजे मोटरीच्या दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकाचे, दातही सर्वांना सारखे ठरवून द्यावेत, ते बोटाने मोजता येतात. लाल धुळीत या मोटरीचे ब्रश लवकर झिजतात, तिचा वेग कमी असतो आणि चाकरमान्यांना ती बालिश वाटेल, हे तिन्ही आक्षेप मला मान्य आहेत. तरीही अंतिम फेरीत एखाद्याची गाडी दुसऱ्यापेक्षा सरळ रेषेत पळाली तर ती चिठ्ठीमुळे पळाली, पाकिटामुळे नव्हे, एवढे तरी ठामपणे सांगता येईल. आणि ज्यांना वेगच हवा आहे त्यांच्यासाठी खुला गट ठेवावा, ज्यात बॅटरी आणि सुरक्षेपलीकडे काहीच तपासू नये. खुल्या गटात बक्षीस मात्र चषकाचे असावे, रोख रकमेचे नको.

अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवरच्या खऱ्या मोटारींच्या काही शर्यतींत आणखी एक युक्ती आहे. शर्यत संपल्यावर हरलेला स्पर्धक नियमात छापलेली ठरावीक रक्कम देऊन विजेत्याचे इंजिन विकत मागू शकतो. त्यामुळे त्या रकमेहून फार महागडे इंजिन कुणी बसवतच नाही. कागदावर हा नियम फार देखणा आहे. आमच्याकडे तो लावला तर विजेत्याच्या आणि मागणाऱ्याच्या घरांत पुढची दोन वर्षे जाणे-येणे बंद होईल, म्हणून मी त्याची शिफारस करत नाही.

टायरबद्दल फार लिहायला नको, कारण तो प्रश्न कोकणात टेनिस बॉल क्रिकेटने आधीच सोडवून ठेवला आहे. कोणत्याही गावच्या स्पर्धेच्या बॅनरखाली उभे राहा, चेंडू मंडळाचाच असतो. स्वतःचा चेंडू घेऊन या, असे कुणी म्हणत नाही. जांभा कानशीसारखा असतो. मऊ रबराचा टायर त्यावर चांगली पकड देतो आणि दोन-चार फेऱ्यांत त्याचे दाणे जातात, त्यामुळे ज्याच्याकडे प्रत्येक फेरीला नवा जोड आहे त्याला ट्रॅकच वेगळा मिळतो. एकाच प्रकारचे टायर, प्रवेश फीमध्ये धरलेला एक जोड, त्यावर तपासनिसाची खूण, आणि दिवसभर तोच. पकड वाढवणारी रसायने टायरला चोळायची नाहीत. हे शेवटचे वासाने कळते.

या ठिकाणी एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मला हलका वाटत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या महोत्सवांत जी मुले स्वतः चासी बांधतात, गिअर कापून घेतात, ती म्हणतात की सगळ्यांना सारखी मोटर आणि सारखे टायर दिले तर डोके चालवायला उरले काय? या खेळाचा अर्धा आनंद रात्री दोन वाजता डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटून देणारी गिअरपेटी) उघडून बसण्यात आहे, हे मलाही ठाऊक आहे. माझ्या घरच्या जेवणाच्या टेबलावर सिलिकॉन तेलाचे डाग आहेत. पण शॉकमधले तेल, स्प्रिंग, चाकांचे कोन (कॅम्बर, टो), डिफरन्शियलचा घट्टपणा, चासीची उंची या सगळ्यांवर नियमपत्रकाने एक अक्षर लिहू नये, असेच मी म्हणतो. डोके लागते ते नेमके इथे, आणि या गोष्टींना फारसे पैसे लागत नाहीत. स्वतः बांधलेल्या गाडीला लांबी-रुंदी आणि वजन यांपलीकडे अट नसावी. उलट 'अमुक कंपनीचीच गाडी' अशी अट कुठे दिसली तर त्या कंपनीचा माल विकणारा आयोजकांपैकी कुणाचा कोण लागतो हे आधी विचारावे.

इंधनावरच्या एक-अष्टमांश गाड्यांचा विषय वेगळा आहे. ३.५ सीसीचे इंजिन, किमान ३२०० ग्रॅम वजन, आणि आवाज असा की खाणीतून पलीकडच्या वाडीत ऐकू जावा. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या अशा गाडीत सुमारे ४४० ज्यूल ऊर्जा असते. १६० ग्रॅमचा सीझन बॉल ताशी १४० किलोमीटरने आला तर त्यात सुमारे १२० ज्यूल असते. म्हणजे वेगवान गोलंदाजाच्या चेंडूच्या साडेतीन पटींहून अधिक, आणि चेंडू निदान एकाच दिशेने जातो. लहान मुले काठावर बसतात त्या ठिकाणी या गाड्या चालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि समुद्राच्या वाळूत तर मुळीच नयेत. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात आणि आपला हंगाम नेमका त्यांच्या हंगामावर येतो.

सुरक्षेचे नियम मात्र मी सगळ्यांत कडक ठेवीन, आणि त्यांची मजा अशी की ते सगळेच टेबलावर तपासता येतात. गाडी उचलून धरायची, चाके फिरवायची आणि ट्रान्समिटर बंद करायचा. चाके थांबली नाहीत तर फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटताच गाडी आपोआप थांबवणारी सोय, नाही आणि गाडी ट्रॅकवर जाणार नाही. पूर्वी सत्तावीस मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणाऱ्या सेटांत एकाच्या बोटाने दुसऱ्याची गाडी वळायची, म्हणून ट्रान्समिटर टेबलावर जमा करून ठेवावे लागत; २.४ गिगाहर्ट्झमुळे ते संकट गेले, पण रेंज तुटण्याचे आणि बॅटरी बसण्याचे संकट आहेच. लिथियम बॅटरी कडक कवचातलीच हवी. ती काचेच्या तुकड्यावर आडवी ठेवायची. डुगडुगली तर फुगली आहे, घरी परत. चार्जिंग एकाच ठिकाणी, आगरोधक पिशवीत, शेजारी वाळूच्या दोन बादल्या, आणि उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत कदापि नाही. गेल्या वर्षी एका स्पर्धकाची बॅटरी डिकीतच फुगून टणक झाली आणि मालकाने ती फळकुटाने उचलून खाणीच्या कोपऱ्यात नेऊन टाकली. त्या वेळी आमच्याकडे वाळू शोधायला धावाधाव झाली. खाणीत जांभ्याची माती मुबलक आहे, पण मोकळी वाळू नाही.

आता राहतो प्रश्न नियम कधी जाहीर करायचे याचा, आणि व्यवहारात हाच सगळ्यांत मोठा आहे. इथल्या तालुक्याच्या बाजारात या गाड्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. मुंबईहून कुणाबरोबर तरी मागवावे लागतात किंवा परदेशातून येतात, आणि लिथियम बॅटरीच्या वाहतुकीवर विमानात निर्बंध आहेत. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवता येत नाहीत. मालवाहू विमानातून जातात त्याही तीस टक्क्यांपेक्षा जास्त भरलेल्या चालत नाहीत. त्यामुळे बॅटरीची वाट कधी आठवडे, कधी महिने बघावी लागते. मे महिन्यातल्या शर्यतीचे नियम गणपतीच्या आधी निघाले, तर आरतीला जमलेले मुंबईकर काका-मामा ते बघून जातात आणि शिमग्याला येताना पोराला हवी ती वस्तू घेऊन येतात. एकदा निघालेल्या पत्रकात त्या हंगामात सुरक्षेखेरीज काहीही बदलू नये, चूक सापडली तरी. चुकीचा पण सर्वांना ठाऊक असलेला नियम एक वर्ष सोसता येतो. बरोबर पण ऐनवेळी आलेला नियम फक्त ज्याच्या डिकीत सगळे आहे त्यालाच पाळता येतो.

आमचे पत्रक गेल्या वर्षी शर्यतीच्या नऊ दिवस आधी निघाले होते, आणि त्यात मोटरचे वेढे बदललेले होते.